डोंगरात विमानाचा तुकडा दिसला, तर: युद्धकाळातले अवशेष शोधण्याची आणि ओळखण्याची रीत

पावसाळा सरून गवत वाळलं की ट्रेकर मंडळींचे फोटो यायला लागतात. तळहातावर धरलेला ॲल्युमिनियमचा वाकडा पत्रा, त्यावर रिव्हेटांच्या दोन रांगा, मागे सह्याद्रीची रांग आणि खाली प्रश्न: "हे दुसऱ्या महायुद्धातलं विमान आहे ना?" बहुतेक वेळा याचं खरं उत्तर देता येत नाही. तुकडा जागेवरून उचललेला असतो. जागा 'किल्ल्याच्या मागच्या अंगाला कुठेतरी' इतकीच आठवत असते. आणि नंबर दिसावा म्हणून पत्रा चिंच-मिठाने घासून लख्ख केलेला असतो. या तीन गोष्टींमध्ये निम्म्याहून जास्त पुरावा संपतो.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी परवानगी, मग कागद, नकाशा, गावातली माणसं, त्यानंतर डोंगर, आणि तुकड्याला हात सगळ्यात शेवटी. तोही लागलाच तर. खालची रीत पुणे जिल्हा आणि घाटमाथा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. लोहगावचा तळ १९३९ मध्ये रॉयल एअर फोर्सने उभा केला. युद्धात तिथे वेलिंग्टन, मॉस्किटो आणि थंडरबोल्ट विमानं होती. त्यामुळे आपल्या भागात युद्धकाळातले अवशेष असणं शक्य आहे. पण इथल्या डोंगरांत पडलेलं प्रत्येक विमान त्या काळातलं नाही, हे पुढे वारंवार आठवावं लागेल.

## टप्पा १: जमीन कोणाची, परवानगी कोणाची

जिथे फिरायचं आहे ती जमीन खासगी, वनखात्याची, संरक्षण खात्याची की संरक्षित स्मारकाची, हे घरून निघण्याआधी माहीत हवं. खासगी असेल तर सातबारा काढा आणि मालकाला भेटा. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. भीमाशंकर अभयारण्यासारख्या ठिकाणी १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे कुठे फिरता येईल आणि काय हलवता येईल यावर कडक मर्यादा आहेत. संरक्षित किल्ल्यावर किंवा त्याच्या आवारात १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यामुळे खणणं हा गुन्हा आहे. लष्कराच्या सराव-क्षेत्रात, म्हणजे देहूरोड, दिघी किंवा नगरजवळच्या के. के. रेंजच्या हद्दीत, जायचंच नाही. तिथे परवानगी मिळेल का, हा प्रश्नही मनात आणू नका.

एक गैरसमज फार पसरला आहे: 'पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांची अट आहे, युद्धाला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत, म्हणून सापडेल ते सापडणाऱ्याचं.' पुरावस्तू कायद्यातली ती अट खरी आहे, पण कायदा एकच नाही. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यातच आहे. जिवंत काडतूस जवळ बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं आणि स्फोटक पदार्थांसाठी १९०८ चा वेगळा कायदा आहे.

मेटल डिटेक्टर घरी ठेवा. आपल्याकडचा बेसाल्ट स्वतःच थोडा चुंबकीय असतो, त्यामुळे स्वस्त यंत्र खडकावरच वाजत राहतं. शिवाय यंत्र वाजलं की माणूस खणतोच, आणि खणलं की पुरावा विस्कटतो. ड्रोनचंही तसंच. लोहगाव, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि शहराभोवतीच्या संरक्षण संस्था पाहता आपल्या भागातला बराच हवाई पट्टा बंद किंवा नियंत्रित आहे. उडवायचंच असेल तर 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा आधी तपासा.

तपासणी: परवानगीचा कागद हातात आहे का? 'तोंडी हो म्हणाले' हे वनरक्षकापुढे चालत नाही.

## टप्पा २: कागद आधी

बहुतेकांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून ते थेट डोंगर चढतात. पण कागदावर काहीच नसताना केलेला शोध म्हणजे हजारो एकर झाडीत डोळे फिरवणं.

ब्रिटिश विमानांच्या अपघातांची मुख्य नोंद म्हणजे 'फॉर्म ११८०' ही अपघात-कार्डं. ती लंडनच्या आर.ए.एफ. म्युझियममध्ये आहेत. स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'एअर २७' या मालिकेत आहेत आणि विमानतळांच्या नोंदवह्या 'एअर २८' मध्ये. नोंदवहीत दोन प्रकारची पानं असतात. 'फॉर्म ५४०' मध्ये त्या दिवसाचा गोषवारा असतो, तर 'फॉर्म ५४१' मध्ये कोणतं विमान, कोण वैमानिक, किती वाजता उडालं आणि कधी उतरलं हे असतं. उतरल्याची वेळ कोरी असेल तर तिथे थांबा आणि नीट वाचा. अमेरिकन विमान असेल तर १९४३ पासूनचे 'बेपत्ता वैमानिक अहवाल' तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं.

पुण्यातल्या ग्रंथालयांत त्या काळातले 'केसरी' आणि 'सकाळ'चे अंक जरूर पाहा, पण युद्धकाळात बातम्यांवर सेन्सॉरचा हात होता हे विसरू नका. अंकात बातमी नाही, म्हणून विमान पडलंच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

कागद वाचताना तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, खडकीची युद्ध-दफनभूमी. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. एखाद्या वैमानिकाचा दगड दिसला की लोक गृहीत धरतात, हा पुण्याजवळ पडला असणार. पण पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, त्या इथे आणल्या गेल्या. म्हणून दगडावरच्या नावाला अपघाताच्या कागदाची जोड हवी. उलटही खरं आहे: ज्यांची कबर माहीत नाही अशा वैमानिकांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत, त्यामुळे खडकीत नाव नाही म्हणजे माणूस या भागातला नाही, असंही नाही.

दुसरं, वेळ. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती. काही कागद ग्रिनिच वेळेत असतात, काही स्थानिक वेळेत. 'संध्याकाळी ७ वाजता डोंगरावर आदळलं' असं वाचून अंधार होता की उजेड, हे ठरवण्याआधी कोणती वेळ धरली आहे ते पाहा.

तिसरं, गावांची नावं. साहेबाने जसं ऐकलं तसं लिहिलं: पूना, किर्की, सिरूर, पुरंधर. त्यात एकाच नावाची गावं ढीगभर. खेड म्हटलं की आपलं राजगुरुनगर की रत्नागिरीतलं खेड? वडगाव तर दर पाच कोसांवर एक. 'पूनापासून अमुक मैल ईशान्येला' असं असेल तर मैलाचे किलोमीटर करा (१ मैल म्हणजे १.६ किलोमीटर), त्या अंतराभोवती सढळ वर्तुळ काढा आणि वर्तुळातली त्या नावाची सगळी गावं टिपून ठेवा.

## टप्पा ३: नकाशावर आखणी

सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज नकाशे त्यांच्या पोर्टलवरून उतरवता येतात. पुणे परिसर '४७ एफ' या शीटमध्ये येतो. जुन्या नकाशांवरचे अक्षांश-रेखांश वेगळ्या पायावर मोजलेले आहेत, त्यामुळे मोबाइलच्या नकाशावर तो बिंदू थोडा सरकलेला दिसेल. कागदावरच्या बिंदूवर काटेकोर भरवसा ठेवण्यापेक्षा ओढा, खिंड, सुळका अशा खुणा जुळवा.

आता धरणं पाहा. मुळशी, भाटघर आणि खडकवासला युद्धाच्या आधीची आहेत. पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, डिंभे, चासकमान ही नंतरची. १९४३ च्या अहवालात 'दरीतल्या शेतात पडलं' असं असेल आणि ती दरी मोसे किंवा पवनेची असेल, तर ते शेत आज पाण्याखाली असू शकतं. अशा वेळी मे महिन्यात पाणी उतरल्यावर उघडा पडणारा काठ एवढीच तुमची शोधाची जागा.

डोंगरावर आदळण्याचे प्रसंग पावसाळी ढगांत जास्त संभवतात. घाटमाथ्याच्या कड्याखालच्या उतारांना म्हणूनच आधी प्राधान्य द्या, सपाट माथ्याला नंतर.

## टप्पा ४: गावात विचारणं

पोलीस पाटील किंवा सरपंचांना आधी भेटा आणि परवानगीचा कागद दाखवा. मग वयस्कर माणसांकडे जा. १९४४ मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीपलीकडे आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तुम्हाला 'आमचा बा सांगायचा' अशीच हकिगत मिळेल. तीही मोलाची आहे. बऱ्याच वाड्यांवर विमानाला 'इमान' म्हणतात. 'इमान पडल्याली जागा' असं विचारलंत तर उत्तर लवकर मिळतं.

साल विचारू नका. माणसाला साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. पानशेत फुटायच्या आधी की नंतर? म्हणजे १२ जुलै १९६१. कोयनेच्या भूकंपाआधी? म्हणजे ११ डिसेंबर १९६७. गांधीजी गेले त्याच्या आधी? बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी? भाताची लावणी चालू होती की झोडणी?

या प्रश्नांनी एक मोठा घोटाळा टळतो. जुन्नरच्या डोंगरात ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचं प्रवासी जेट विमान आदळलं आणि ९४ जणांचा मृत्यू झाला. त्या भागातून येणारा पत्रा लोक सर्रास 'इंग्रजांच्या काळातला' म्हणून दाखवतात. पानशेतच्या पुरानंतरच्या पावसाळ्यात पडलं, असं कोणी सांगितलं तर तुमचा शोध युद्धाचा राहिला नाही. तिथे इतकी माणसं गेली आहेत, तेव्हा त्या जागेवर खेळ म्हणून फिरू नका.

विचारताना उत्तर तोंडात घालू नका. 'दोन इंजिनांचं होतं ना?' असं विचारलंत तर पाहुण्याला बरं वाटावं म्हणून आजोबा हो म्हणतील. 'कसं दिसत होतं?' एवढंच विचारा आणि थांबा. कोण आलं होतं तपासायला, गोरे सोजीर की आपले पोलीस? आग लागली होती का? पत्रा कोणी नेला, भंगारवाल्याने की गावाने? ॲल्युमिनियम वितळवून भांडी करणं किंवा पत्र्याची गुरांना पाणी पाजायची द्रोणी करणं हे गरिबीत साहजिक होतं. त्यामुळे कधी कधी सगळ्यात चांगला तुकडा डोंगरावर नसतो, गोठ्यात असतो.

सावधान: गोठ्यातला तुकडा विकत मागू नका. पैशाचं नाव निघालं की आठवडाभरात गावात दहा 'विमानाचे तुकडे' निघतात, आणि त्यातले बरेच जुन्या ट्रकचे असतात. फोटो घ्या, मालकाला तुकड्याचं महत्त्व सांगा आणि तो तिथेच राहू द्या.

## टप्पा ५: डोंगरावर

फेब्रुवारी ते मे हा योग्य काळ. गवत बसलेलं असतं, पानगळ झालेली असते. कारवीच्या रानात जुलैनंतर दोन हातांवरचं दिसत नाही. किमान तीन माणसं, उंच बूट, काठी, भरपूर पाणी. फुरसं आणि घोणस दगडांच्या फटीत असतात, म्हणून फटीत हात घालायचा नाही. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर आणि अत्तर दोन्ही टाळा.

शोध ओढ्यापासून सुरू करा. ऐंशी पावसाळ्यांनी सुटे तुकडे खाली आणलेले असतात. ओढ्यात पहिला तुकडा दिसला की तिथे खूण करा आणि पाण्याच्या उलट दिशेने चढा. प्रत्येक फाट्यावर थांबून दोन्ही अंगांनी पाहा. ज्या फाट्याच्या वर तुकडे मिळणं बंद होतं, त्याच्या आसपासच्या उतारावर मूळ जागा असण्याची शक्यता जास्त.

उतारावर पोचल्यावर एका ओळीत, एकमेकांपासून चार-पाच मीटर अंतर ठेवून चाला. मधला माणूस दिशा सांभाळतो. तुकडा दिसला की सगळी ओळ थांबते. बारीक झेंडा लावा, पुढे चला. पूर्ण पट्टा चालून होईपर्यंत कोणीही काहीही उचलत नाही. झेंड्यांची रांग तयार झाली की विमान कोणत्या दिशेने आलं हे दिसायला लागतं: साधारणपणे जड इंजिन पुढे जातं, हलके पत्रे मागे विखुरतात. एक तुकडा जरी जागेवरून हलला तरी ही रांग कायमची खोटी होते.

तपासणी: झेंडे लावून झाल्यावर वरच्या बाजूने संपूर्ण उताराचा एक फोटो घेतला का?

## टप्पा ६: हात लावण्याआधी धोका ओळखा

इथे घाई केलेली चालत नाही. पुढच्यांपैकी काहीही दिसलं की आलेल्या वाटेनेच मागे फिरा, ११२ वर फोन करा आणि पोलिसांमार्फत बॉम्ब शोधक व नाशक पथकाला जागा दाखवा.

- बॉम्ब, रॉकेट किंवा टोकाला गोळी तशीच असलेलं काडतूस. २० मिलिमीटरच्या गोळ्यांत स्वतःचा स्फोटक भरणा असू शकतो. गंज चढला म्हणजे स्फोटक मेलं, असं होत नाही.
- पितळी किंवा कागदी नळीतली सिग्नल काडतुसं.
- बंद रेडिओ पेटी. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून काही पेट्यांत त्या उडवून देण्याचा छोटा स्फोटक बसवलेला असे.

काही गोष्टी फुटत नाहीत, पण हळूहळू घात करतात. अंधारात दिसणाऱ्या घड्याळी तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. आज तो पिवळट-तपकिरी दिसेल आणि चमकणार नाही, पण त्याचा किरणोत्सर्ग १,६०० वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे आपल्या हिशेबाने तो तसाच आहे. तबकडी उघडू नका, खरवडू नका, खिशात घालू नका. ब्रिटिश विमानांतल्या अग्निशामक बाटल्यांत मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू असे. ऑक्सिजनच्या आणि हायड्रॉलिकच्या टाक्यांत दाब शिल्लक असू शकतो. इंजिनाभोवतीचं पांढरं दोरीसारखं वेष्टन ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सावधान: हाड, बुटाचा तळवा, पॅराशूटचं बकल किंवा ओळखपट्टी दिसली तर काम तिथेच थांबतं. फोटो काढून कुठेही टाकायचा नाही. पोलिसांना कळवायचं आणि जागेजवळ, पण दूर बसून त्यांची वाट पाहायची.

## टप्पा ७: नोंद

प्रत्येक झेंड्याला क्रमांक द्या. प्रत्येक क्रमांकासाठी चार फोटो: दुरून आजूबाजूसह, वरून, बाजूने, आणि नंबर किंवा रंग असेल त्याचा जवळून. फोटोत पट्टी ठेवा. नाणं ठेवू नका. नाणी बदलत राहतात आणि परदेशातल्या माणसाला त्यांचा आकार माहीत नसतो. जीपीएस आकडे मोबाइलमध्ये साठवाच, पण कागदी वहीतही उतरवा. तुकड्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे, तो किती रुतलेला आहे, हेही लिहा.

नंबर वाचता येत नसेल तर मऊ ब्रश आणि थोडं डिस्टिल्ड पाणी, एवढंच वापरायचं. तरीही दिसत नसेल तर संध्याकाळी विजेरी पत्र्याला जवळजवळ समांतर धरून तिरका प्रकाश टाका. ठोकलेले आकडे सावलीत उठून दिसतात. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवली तर छापही मिळतो. तारेचा ब्रश, आम्ल, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही वापरायचं नाही. चिखलाखाली उरलेला नखाएवढा रंगही कधी कधी नंबराइतका बोलतो.

## टप्पा ८: ओळख

ओळखीत सर्वात मोठी चूक म्हणजे आवडतं विमान आधी ठरवून मग पुरावा शोधणं. प्रत्येकाला स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिशांचं ते प्रसिद्ध लढाऊ विमान, हवं असतं. तुम्ही आधी 'हे युद्धकाळातलं नाही' असं गृहीत धरा आणि पुराव्याला तुम्हाला खोडून काढू द्या.

जेट की पंख्याचं? टर्बाइनची बारीक वक्र पाती, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचे थर असलेले पॅनेल, आधुनिक प्लास्टिकच्या वायरी दिसल्या तर युद्ध विसरा. इथे एक पक्का सापळा आहे: 'रोल्स-रॉइस' नावाची पट्टी मिळाली म्हणजे त्या कंपनीचं युद्धकाळातलं मर्लिन इंजिन, असं लोक समजतात. जुन्नरला पडलेलं डीसी-८ जेट होतं आणि त्याची कॉनवे इंजिनंसुद्धा रोल्स-रॉइसचीच होती.

इंजिन. सिलिंडर मोजा. सहा-सहाच्या दोन तिरक्या रांगा, व्ही आकारात: बहुधा मर्लिन, म्हणजे हरिकेन, स्पिटफायर किंवा मॉस्किटो. गोलाकार मांडणीत १८ सिलिंडर: थंडरबोल्टचं डबल वॉस्प असण्याची शक्यता. गोलाकार १४: इथे थांबा. डाकोटा आणि लिबरेटरचं ट्विन वॉस्प १४ सिलिंडरांचं, व्हेंजन्सचं राइट इंजिन १४ चं आणि बऱ्याच वेलिंग्टनांचं ब्रिस्टल हर्क्युलिसही १४ चं. हर्क्युलिसमध्ये स्लीव्ह व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे सिलिंडरवर व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या नळ्या नसतात. त्या नळ्या आहेत की नाहीत, एवढं पाहिलं तरी बरंच निवडलं जातं. चारच सिलिंडर, एका रांगेत, उलटे लोंबकळणारे: टायगर मॉथ.

सांगाडा. वक्र धातुपट्ट्यांची आडवी-तिरपी जाळी, टोपलीच्या विणीसारखी, ही वेलिंग्टनची सही आहे. टोकाला चौकोनी केलेल्या गोल पोलादी नळ्या, पट्ट्या आणि बोल्टने जोडलेल्या, हरिकेनच्या असू शकतात. मॉस्किटो लाकडी होतं. १९४४ मध्ये भारतात त्याच्या लाकडी जोडांत दोष दिसले आणि नोव्हेंबरमध्ये ती विमानं उड्डाणातून थांबवावी लागली. अशा विमानाचं आज इंजिन, चाकांचे पाय, टाक्या आणि कंगोरे असलेले धातूचे जोडच उरतात. दोन मर्लिन सापडली आणि पत्रा मात्र जवळपास नाहीच, तर हे लक्षात घ्या.

ठोकलेले आकडे आणि शिक्के. मुकुटासह 'ए.एम.' असेल तर ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. तिच्या साठा-क्रमांकांची सुरुवात वस्तूचा प्रकार सांगते: '६ए' उपकरणं, '५सी' विद्युत सामान, '६डी' ऑक्सिजन, '१०' ने सुरू होणारे रेडिओचे, '२२सी' वैमानिकाचे कपडे आणि साज. पण हे क्रमांक विमान सांगत नाहीत. एकच तबकडी पाच प्रकारच्या विमानांत बसत असे. विमान सांगतो तो भागाचा आराखडा-क्रमांक. स्पिटफायरच्या भागांवर ३०० ने सुरू होणारे क्रमांक खूप दिसतात, कारण सुरुवातीच्या प्रकारात बनलेले भाग पुढेही वापरले गेले. ३४९ असेल तर मार्क ५ (मार्क म्हणजे त्या विमानाचा सुधारित प्रकार), ३६० असेल तर मार्क ८, ३७९ असेल तर मार्क १४ कडे बोट जातं. म्हणून एकट्या ३०० वरून मार्क ठरवू नका; सर्वात नवीन प्रकाराचा जो क्रमांक मिळेल तो महत्त्वाचा. 'सी.बी.ए.एफ.' हा कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्याचा शिक्का. अमेरिकन बोल्ट-नटांवर 'ए.एन.' मालिकेचे क्रमांक असतात, ब्रिटिशांवर 'ए.जी.एस.'. पत्र्यावर '२४एस-टी' छापलेलं दिसलं तर तो अमेरिकन मिश्रधातू. बी-२४ लिबरेटरच्या भागांची सुरुवात बहुधा ३२ ने होते.

रंग. आतला करडा-हिरवा रंग ब्रिटिश, पिवळट-हिरवा झिंक क्रोमेट अमेरिकन, हा ढोबळ नियम. बाहेरच्या गोल चिन्हात गडद आणि फिकट निळा असेल आणि लाल अजिबात नसेल, तर १९४२-४३ नंतरचा, आग्नेय आशियातल्या युद्ध-आघाडीचा काळ. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून लाल काढला होता. केशरी-पांढरा-हिरवा असेल तर विमान १९५० नंतरचं भारतीय वायुसेनेचं.

काडतुसांची टरफलं. टोकाला गोळी नाही याची दुरून खात्री झाल्यावरच जवळून फोटो घ्या. लांबी ५६ मिलिमीटर असेल तर .३०३, ९९ असेल तर .५० (हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचांत), ११० असेल तर २० मिलिमीटरच्या हिस्पानो तोफेचं. बुडावर 'के.एफ.' असेल तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं. पुण्याभोवती अशी टरफलं जागोजाग मिळतात. ती सैन्याच्या रायफलींची असतात आणि विमानाबद्दल काहीच सांगत नाहीत. मात्र टरफलांसोबत पोलादी सुट्या कड्या सापडल्या, ज्या पट्ट्यातून गोळी सुटल्यावर विलग होतात, तर ते विमानातल्या ब्राउनिंग मशीनगनचं लक्षण असू शकतं.

युद्धातलं विमान, पण युद्धानंतर पडलेलं. डाकोटा, लिबरेटर, हार्वर्ड, स्पिटफायर, टेंपेस्ट ही सगळी स्वातंत्र्यानंतरही आपल्या वायुसेनेत होती. पट्टीवर '१९४३' असेल तर तो भाग बनल्याचं साल आहे, पडल्याचं नाही. शेपटीवरच्या क्रमांकातही फसगत होते. 'एच.जे.' आणि तीन आकडे युद्धकाळात मॉस्किटोवर होते आणि पुढे भारतीय डाकोटांवरही. त्यामुळे शेपटीचा क्रमांक मिळाला तरी इंजिन आणि सांगाडा त्याला दुजोरा देतात का, हे पाहावंच लागतं. अमेरिकन विमानांच्या शेपटीवर सालाचा पहिला आकडा गाळलेला असतो: ४२-१२३४५ हे विमान असेल तर शेपटीवर २१२३४५.

तपासणी: एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन पुरावे एकाच प्रकाराकडे बोट दाखवतात का? म्हणजे इंजिन, भागाचा क्रमांक आणि रंग. किंवा सांगाडा, गावातली हकिगत आणि कागदावरची तारीख. दोनच असतील तर अहवालात 'शक्यता' लिहा. एकच असेल तर 'अनिश्चित'. याहून मोठा शब्द वापरू नका, कारण पुढे कोणीतरी तुमचा शब्द खरा मानून एखाद्या कुटुंबाला कळवू शकतं.

## टप्पा ९: कळवणं

अहवाल छोटा असू द्या: जागा, तारीख, हजर माणसं, परवानगीचा तपशील, झेंड्यांचा नकाशा, फोटो, मग निष्कर्ष आणि त्याची खात्री किती. पहिली प्रत जमिनीच्या मालकाला किंवा वनखात्याला आणि पोलीस ठाण्याला. ब्रिटिश किंवा राष्ट्रकुल वैमानिकांचा संबंध दिसत असेल तर राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाला, अमेरिकन असेल तर त्यांच्या संरक्षण खात्याच्या युद्धकैदी व बेपत्ता सैनिक विभागाला. भारतीय वैमानिक असेल तर वायुसेनेला लेखी पत्र, पोच घेऊन.

वैमानिकाचं नाव तुम्हाला कागदांवरून कळलं तरी ते समाजमाध्यमांवर टाकू नका आणि आडनावावरून नातेवाईक शोधायला लागू नका. ते काम या संस्थांचं आहे आणि त्यांची पडताळणी तुमच्याहून कडक असते. अचूक जागाही जाहीर करू नका. आकडे सार्वजनिक झाले की पुढच्या रविवारी तिथे पिशव्या घेऊन लोक येतात. सार्वजनिक लिखाणात तालुक्यापर्यंत थांबा. पूर्ण आकडे अहवालाच्या सरकारी प्रतीत आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या बंद पाकिटात ठेवा, म्हणजे पुढे कोणी अधिकृतपणे तपासायला आलं तर गावातूनच त्याला वाट मिळेल.